भारताच्या ताटातील मासळी: किती जण खातात, किती खातात आणि कोणती खातात

भारतात मासे खाणाऱ्यांची संख्या, चीन वगळता, जगातील कोणत्याही अन्य देशाच्या एकूण लोकसंख्येहून मोठी आहे. असे असूनही एका भारतीयाच्या वाट्याला वर्षाकाठी येणारी मासळी जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी भरते. या दोन विधानांत विसंगती नाही. मासळी खाणारे किती, ते किती वेळा खातात, दर खेपेस किती खातात आणि कोणती मासळी खातात, हे चार वेगवेगळे प्रश्न आहेत. सरासरीचा एकच आकडा या चारही प्रश्नांची उत्तरे एकत्र गुंडाळून टाकतो. देशाच्या मत्स्याहाराचे खरे स्वरूप समजून घ्यायचे तर ही गुंडाळी उलगडावी लागते.

आकडे कोठून येतात

मत्स्याहार मोजण्याच्या मुख्य पद्धती तीन आहेत. पहिलीत देशातील एकूण उत्पादनात आयात मिळवून त्यातून निर्यात आणि खाण्याव्यतिरिक्त अन्य कामांसाठी गेलेला माल वजा केला जातो व उरलेल्या वजनाला लोकसंख्येने भागले जाते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना हीच पद्धत वापरते. तिच्या आकडेवारीनुसार जगातील दरडोई वार्षिक मत्स्यसेवन १९६१ साली ९.१ किलो होते. २०२२ साली ते २०.७ किलोवर पोहोचले. हे वजन पाण्यातून काढलेल्या संपूर्ण माशाचे असते. डोके, काटे, खवले आणि पोटातील भाग काढल्यावर प्रत्यक्ष ताटात येणारा हिस्सा बराच कमी असतो, हे विसरता कामा नये.

दुसरी पद्धत कुटुंबाच्या खर्चाची. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात महिनाभरात घरात आलेल्या जिन्नसांची नोंद घेतली जाते. २०११-१२ च्या फेरीत ग्रामीण आणि शहरी अशा दोन्ही भागांत माणशी महिन्याला सुमारे पाव किलो, म्हणजे वर्षाला तीन किलोंच्या आसपास मासळी आढळली. घराबाहेर, खानावळीत वा लग्नसमारंभात खाल्लेली मासळी अशा नोंदीत नीट उतरत नाही. नदीतून स्वतः धरलेल्या मासळीचा अंदाजही सैलच राहतो.

तिसरी पद्धत वारंवारतेची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांना आणि १५ ते ५४ वयोगटातील पुरुषांना प्रत्येकी विचारले जाते, की मासे रोज खाता, आठवड्यातून एकदा तरी खाता, क्वचित खाता, की कधीच खात नाही. येथे वजन कळत नाही. मात्र घरातील कोण खातो आणि कोण खात नाही, हे कळते.

मोजण्याच्या पद्धतीनुसार निष्कर्ष किती बदलतो याचे एक बोलके उदाहरण आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेने दरडोई वार्षिक सेवन सुमारे ५ किलोंवरून १२ किलोंवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. वर्ल्डफिश, भारतीय कृषी संशोधन परिषद आणि अन्य संस्थांच्या अभ्यासकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाने मात्र २०१९-२० सालचे दरडोई सेवन ८.८९ किलो काढले. देश तोच आणि काळही जवळजवळ तोच; तरी आरंभाचा आकडा कोणता धरला यावर उद्दिष्ट किती दूर आहे ते ठरते.

पंधरा वर्षांतील वाढ

या अहवालानुसार २००५-०६ साली देशातील ६६ टक्के, म्हणजे ७३.०६ कोटी लोक मासे खात होते. २०१९-२० पर्यंत हे प्रमाण ७२.१ टक्क्यांवर आणि संख्या ९६.६९ कोटींवर गेली. याच काळात दरडोई सेवन ४.९ किलोंवरून ८.८९ किलोंवर आले. मासे मुळीच न खाणाऱ्यांना हिशेबातून वगळले, तर प्रत्यक्ष खाणाऱ्याच्या वाट्याला ७.४३ किलोंऐवजी १२.३३ किलो मासळी येऊ लागली.

वाढ लक्षणीय आहे. पण तिचे दैनंदिन रूप तपासले की चित्र साधे होते. वर्षाला १२.३३ किलो म्हणजे दिवसाला सुमारे ३४ ग्रॅम, तेही काट्याडोक्यासह. देशातील केवळ ५.९५ टक्के लोक रोज मासे खातात. ३४.८ टक्के लोक आठवड्यातून एकदा तरी खातात आणि ३१.३५ टक्के लोकांच्या ताटात मासा क्वचितच येतो. ‘मासे खाणारा’ म्हणून गणल्या गेलेल्या प्रत्येक सात भारतीयांपैकी तिघांसाठी मासळी हा प्रसंगविशेषाचा पदार्थ आहे.

नकाशावरील भेद

मत्स्याहाराची सीमारेषा समुद्रकिनाऱ्यावरून जात नाही, ही या नकाशाची पहिली शिकवण. देशात मासे खाणाऱ्यांचे सर्वाधिक प्रमाण असलेल्या त्रिपुरा राज्याला समुद्र नाही; तेथे ९९.३५ टक्के लोक मासे खातात. पूर्वेकडील व ईशान्येकडील राज्यांत, तसेच तामिळनाडू, केरळ आणि गोवा येथे हे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. उलट पंजाब, हरियाणा आणि राजस्थानात ते तीस टक्क्यांच्या खाली असून सर्वांत कमी, २०.५५ टक्के, हरियाणात आहे.

रोज मासे खाणाऱ्यांचा विचार केला तर क्रम बदलतो. केरळ ५३.५ टक्क्यांसह पहिल्या स्थानी आणि गोवा ३६.२ टक्क्यांसह दुसऱ्या स्थानी आहे. आठवड्यातून एकदा तरी खाणाऱ्यांत आसाम आणि त्रिपुरा (सुमारे ६९ टक्के) तसेच ओडिशा व पश्चिम बंगाल (सुमारे ६६ टक्के) पुढे आहेत. पश्चिम किनाऱ्यावरील गृहस्थाला मासळी भातासारखी नित्याची. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात ती आठवडी बाजाराशी बांधलेली, असा हा फरक आहे.

उत्पादन आणि आहार यांचाही मेळ नेहमी बसत नाही. वेरावळसारखी मोठी बंदरे असलेला गुजरात सागरी मासेमारीत देशातील अग्रगण्य राज्यांपैकी एक. पण तेथील बहुसंख्य समाज शाकाहारी, म्हणून माल परदेशी आणि परप्रांती जातो. आंध्र प्रदेश मत्स्योत्पादनात देशात पहिला. कोल्लेरू सरोवराच्या परिसरातील तळ्यांतील रोहू आणि कटला बर्फात घालून ट्रकांनी बंगाल आणि आसामात पोहोचतात.

धर्म आणि रीतिरिवाजही वेळापत्रक ठरवतात. गोव्यातील आणि कोकणातील हिंदू घरांत सोमवार, चतुर्थी-एकादशीसारखी व्रते आणि श्रावण महिना मासळीविना जातो. ख्रिस्ती घरांत उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य असते. मासे मात्र चालतात. बंगालात जावयाच्या सन्मानार्थ साजऱ्या होणाऱ्या जमाईषष्ठीला हिल्सा हवाच, म्हणून त्या दिवशी त्याचा भाव चढतो. गोव्यातील गौड सारस्वत आणि बंगाली ब्राह्मण यांच्या घरी मासळी परंपरेने शिजते, तर शेजारच्याच अनेक समाजांत तिला मज्जाव असतो. त्यामुळे ‘शाकाहारी’ आणि ‘मांसाहारी’ या दोनच कप्प्यांत भारतीय आहार बसवता येत नाही.

स्त्री आणि पुरुष

मासे खाणाऱ्यांमध्ये पुरुषांचे प्रमाण ७८.६ टक्के, तर स्त्रियांचे ६५.६ टक्के आहे. तेरा टक्क्यांची ही तफावत एकाच घरात, एकाच चुलीभोवती घडते. तिची काही कारणे सांस्कृतिक आहेत: व्रतवैकल्यांचा भार स्त्रियांवर अधिक, आणि काही समाजांत घरातील पुरुष बाहेर खात असला तरी घरात मासळी शिजत नाही. काही कारणे वाटणीची आहेत. पाहुणा, कर्ता पुरुष आणि मुले यांना तुकडे वाढून झाल्यावर मागे राहते ती कढी. सर्वेक्षण वजन विचारत नसल्यामुळे ‘खाते’ असे उत्तर देणाऱ्या बाईच्या ताटात किती आले, हे आकड्यांत दिसत नाही.

या भेदाचे महत्त्व आरोग्याच्या अंगाने आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि एकट्या मासळीने तो दूर होणारा नाही. तथापि प्राणिज अन्नातील लोह शरीरात अधिक सहज शोषले जाते. ज्यांना त्याची गरज अधिक, त्यांच्यापर्यंत ते कमी पोहोचते, हे येथे लक्षात घ्यावयाचे.

समुद्राकडून तळ्याकडे

स्वातंत्र्योत्तर काळातील सर्वांत मोठा बदल मासळीच्या उगमाचा आहे. १९५०-५१ साली देशाचे एकूण मत्स्योत्पादन ७.५२ लाख टन होते आणि त्यातील ५.३४ लाख टन समुद्रातून येत होते. २०२२-२३ साली उत्पादन १७५.४५ लाख टनांवर गेले आणि त्यातील १३१.१३ लाख टन नद्या, जलाशय व तळ्यांचे होते. पूर्वी दहातले सात मासे समुद्राचे होते. आता चारातले तीन जमिनीवरच्या पाण्याचे आहेत.

या बदलाची सुरुवात एका प्रयोगात सापडते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन गोड्या पाण्यातील कार्प जातीच्या माशांचे प्रजनन यशस्वी केले. त्यापूर्वी बीज नदीच्या पुरातून गोळा करावे लागे. आता ते ठरवून, हवे तेव्हा आणि हव्या त्या जातीचे मिळू लागले. रोहू, कटला आणि मृगळ ही त्रयी त्यानंतर देशभरच्या तळ्यांत पसरली. १० जुलै हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

समुद्राची कथा निराळी आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींनुसार मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर २०१२ साली सुमारे ३९.४ लाख टन मासळी उतरली होती. २०२३ साली ती सुमारे ३५.३ लाख टन होती. यांत्रिक होड्या वाढल्या, जाळी मोठी झाली आणि होड्या खोल पाण्यात जाऊ लागल्या, तरी पकड वाढलेली नाही. म्हणजेच देशातील मत्स्याहारात झालेली वाढ जवळजवळ संपूर्णपणे तळ्यातल्या माशाने पेलली आहे.

कोणती मासळी कोणाच्या ताटात

तळ्यातील मासा समुद्रातील माशाची जागा वजनाने भरून काढू शकतो. पोषणाने आणि किमतीने तो ती दरवेळी भरतोच असे नाही. मोठ्या कार्प माशाचे तुकडे खाल्ले जातात आणि काटे टाकले जातात. तारले, वेर्ली, मांदेली यांसारखे लहान मासे पुष्कळदा काट्यासकट खाल्ले जातात, त्यामुळे त्यांतून कॅल्शियमही मिळते. तारले आणि बांगडे यांत हृदयाला हितकर मानली जाणारी ओमेगा-३ मेदाम्ले भरपूर असतात. पूर्व भारतात आणि बांगलादेशात खाल्ल्या जाणाऱ्या मोला या बोटभर माशात अ जीवनसत्त्व इतके असते, की तो तळ्यात कार्पसोबत वाढवून आई व मुलांच्या आहारात आणण्याचे प्रयत्न झाले आहेत.

आणि नेमकी हीच लहान, स्वस्त मासळी सर्वांत असुरक्षित आहे. केरळात २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारले उतरले होते. २०२१ साली ते अवघे ३,२९७ टन उरले. त्यानंतर आवक पुन्हा वाढली. पण एका दशकात एवढी उलथापालथ झाली याचा अर्थ गरिबांच्या मासळीला खात्रीचा आधार उरला नाही. सागराच्या तापमानातील व प्रवाहांतील बदल हे याचे एक कारण. अंडी घालण्यापूर्वीच पिल्ले पकडणारी बारीक जाळी हे दुसरे.

तिसरे कारण बाजाराचे आहे. पश्चिम किनाऱ्यावर उतरणाऱ्या तारल्यांचा आणि बारीक मासळीचा एक भाग मत्स्यचूर्ण व तेलाच्या कारखान्यांत जातो. त्या चुर्णापासून कोळंबी व माशांचे खाद्य बनते. २००९ साली परदेशी व्हन्नामेई कोळंबीच्या संवर्धनाला परवानगी मिळाल्यापासून या साखळीने वेग घेतला. २०२३-२४ साली भारताने १७.८१ लाख टन सागरी उत्पादने निर्यात करून सुमारे ६०,५२४ कोटी रुपये मिळवले; त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश रक्कम गोठवलेल्या कोळंबीची होती. निर्यातीने किनाऱ्यावर आणि आंध्रातील तळ्यांवर रोजगार दिला, हे खरे. परंतु मजुराच्या घरची मासळी खाद्य बनून परदेशच्या ताटातील कोळंबीत रूपांतरित होते, तेव्हा देशाच्या सरासरीत फारसा बदल दिसत नाही आणि एका घरचे जेवण मात्र बदलते.

सुकी मासळी

ताज्या मासळीच्या चर्चेत सुक्या मासळीकडे दुर्लक्ष होते. शीतपेट्या नव्हत्या तेव्हा समुद्र आतल्या मुलखात पोहोचला तो सुकवूनच. मुंबई आणि गुजरातच्या किनाऱ्यावरील बोंबील, कोकणातील सुकट, गोव्यातील सुके बांगडे आणि गालमो ही पावसाळ्याची बेगमी. गोव्यात मे महिन्यात भरणारी पुरुमेंताची फेस्ते याच साठवणीसाठी असतात. ईशान्येत तर सुकी आणि आंबवलेली मासळी हा स्वतंत्र खाद्यप्रकार आहे: मणिपूरची ङारी आणि त्रिपुरातील शिदल ही त्याची उदाहरणे. आसामातील जागीरोड येथील सुक्या मासळीची बाजारपेठ देशातील मोठ्या बाजारपेठांत गणली जाते आणि तेथे पश्चिम किनाऱ्यावरूनही माल जातो. सुक्या मासळीचा लहानसा तुकडा पुष्कळ भाताला चव आणि थोडी प्रथिने देतो. त्यामुळे वजनाच्या हिशेबात ती क्षुल्लक दिसली तरी गरिबाच्या आहारात तिचे स्थान मोठे आहे.

गोव्याचे स्थान

रोज मासे खाणाऱ्यांच्या यादीत दुसरे स्थान असलेल्या गोव्याला हा सारा प्रश्न अधिक जवळचा आहे. शीत, कडी आणि नुस्ते हे येथील जेवणाचे सूत्र. राज्याचा किनारा आणि नद्या समृद्ध असल्या, तरी स्थानिक लोकांबरोबर पर्यटकांची भूकही याच मासळीवर भागते. इसवण, पापलेट, चोणक आणि मोठी सुंगटे हॉटेलांकडे वळतात. घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याला बांगडे, तारले, लेपो आणि वेर्ली येतात. या चार जातींचा भाव वाढला की सामान्य घराचा मासळीचा दिवस कमी होतो.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. प्रजननासाठी ती आवश्यक आहे. पूर्व किनाऱ्यावरील बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असल्यामुळे गोव्यातील बंदीच्या उत्तरार्धात तिकडचा माल मडगावच्या घाऊक बाजारात उतरू शकतो. एरवीही कर्नाटक आणि महाराष्ट्रातून मासळी येतच असते. या अवलंबनाची दुसरी बाजू जुलै २०१८ मध्ये दिसली. परराज्यांतून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयावरून राज्यभर खळबळ उडाली आणि सरकारने मासळीच्या आयातीवर तात्पुरती बंदी घातली. ताजेपणाची हमी हा रोज मासे खाणाऱ्या समाजासाठी आहाराइतकाच आरोग्याचा विषय आहे, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

किनाऱ्याजवळची मासळी कोणाची, हा वाद गोव्यात त्याहून जुना आहे. १९६० नंतर ट्रॉलर आले आणि रापण ओढून बांगडे-तारले गावागावांत पोहोचवणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांचे जीवन संकटात आले. माथानी साल्ढाणा यांच्यासारख्या नेत्यांनी चालवलेल्या रापणकारांच्या लढ्यानंतर गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० साली झाला आणि किनाऱ्यालगतचा पाच किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मासेमारीसाठी राखण्यात आला. २०१७ साली केंद्र सरकारने एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. कायदे झाले, पण त्यांच्या अंमलबजावणीविषयीच्या तक्रारी मच्छीमार संघटना आजही करीत आहेत.

पुढील दिशा

उत्पन्न वाढते, शहरे वाढतात, शीतसाखळी पसरते, तसा देशाचा मत्स्याहार वाढत जाईल, याबद्दल अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. जम्मू-काश्मीरमध्ये पंधरा वर्षांत मासे खाणाऱ्यांचे प्रमाण २०.९ टक्क्यांनी वाढले, ही देशातील सर्वाधिक वाढ याचीच सूचक आहे. जेथे परंपरा नव्हती तेथेही मासा पोहोचू लागला आहे.

तथापि केवळ दरडोई किलो वाढवणे हे धोरणाचे पुरेसे उद्दिष्ट ठरत नाही. वाढलेली मासळी आधीच खाणाऱ्याच्या ताटात गेली, की क्वचित खाणाऱ्या ३१ टक्क्यांच्या, हे पाहावे लागेल. स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या सेवनाची स्वतंत्र मोजणी, लहान माशांच्या किमान आकाराच्या नियमांची कडक अंमलबजावणी, मत्स्यचूर्णासाठी खाण्याजोग्या मासळीच्या वापरावर मर्यादा, तळ्यांत कार्पसोबत मोलासारख्या लहान माशांचे संवर्धन आणि बाजारात बर्फाची व तपासणीची सोय, या गोष्टी सरासरीच्या आकड्यात ठळक दिसणार नाहीत. बांगड्याचा वाटा शंभर रुपयांत परवडतो की नाही, याचे उत्तर मात्र त्यांच्यावरच अवलंबून आहे.